पिसाचा निळा, दगडाचा निळा: पक्षी आणि खनिज एका चित्रात रंगवू पाहणाऱ्यांसाठी

निळ्या पक्ष्याचं पीस उजेडाकडे धरून आरपार पाहिलं, तर त्यातला निळा निघून जातो आणि समोर मळकट तपकिरी पीस उरतं. ते कुटलं तर भुकटीलाही निळा रंग राहत नाही. अझुराइट नावाचं तांब्याचं खनिज मात्र कुटा, चाळा, पाण्यात कालवा, ते निळंच राहतं. जितकं बारीक कराल तितकं फिकट होत जातं, एवढंच. पिसातला निळा रचनेत असतो: केराटिन या पिसाच्या मूळ पदार्थातल्या अतिसूक्ष्म पोकळ्यांवरून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळा दिसतो. अझुराइटचा निळा त्यातल्या तांब्यामुळे, म्हणजे पदार्थातच असतो. कागदावर हे दोन निळे शेजारी ठेवले की ते एकमेकांविषयी बोलू लागतात. पक्षी आणि खनिज एकत्र रंगवण्यात मला सगळ्यात जास्त ओढ याचीच वाटते.

वन्यजीव चित्रकलेत आज काही चित्रकार आपल्या भागातले पक्षी आणि खनिजं अशी जोडचित्रं करतात. दुरून पाहणाऱ्याला वाटतं, रंग जुळवला की झालं. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या चित्रात मी हिरव्या पोपटाखाली मॅलकाइट या हिरव्या खनिजाचा तुकडा ठेवला. दोन्ही हिरवे, दोन्ही मन लावून रंगवलेले, आणि चित्र निर्जीव. पाहणारा ‘जुळतंय की!’ म्हणायचा आणि पुढच्या चित्राकडे वळायचा. त्याला थांबून पाहण्यासारखं मी काही ठेवलंच नव्हतं. तेव्हापासून एक नियम पाळते: रंग जुळत असला तरी जोडीला रंगापलीकडचं एक कारण हवंच. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नियमावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: जोडी जुळवणं

यावर घाई करू नका. मी स्वतः एका जोडीवर कधीकधी महिनाभर विचार करते, आणि रंगवायला त्याहून कमी वेळ लागतो.

सुरुवात पक्ष्यापासून करा, आणि तो रोज दिसणारा निवडा. स्थानिक पक्षी घ्यायचा तो अभिमानासाठी नव्हे. जो पक्षी तुम्ही पन्नास वेळा पाहिला आहे, त्याची मान आखडण्याची तऱ्हा, बसताना शेपटी झटकण्याची सवय तुमच्या हाताला माहीत असते. परदेशी पक्ष्याचा फोटो कितीही सुंदर असला तरी ही माहिती त्यात नसते.

मग खनिज शोधा. कारणं अनेक प्रकारची सापडतात. सगळ्यात सुंदर उदाहरण मला तुराकोचं वाटतं. हे पक्षी फक्त आफ्रिकेत आढळतात. त्यांच्या पंखांतल्या लाल रंगद्रव्यात चक्क तांबं असतं. १८६९ मध्ये आर्थर हर्बर्ट चर्च या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने ते दाखवून दिलं आणि त्या रंगद्रव्याला तुरासिन हे नाव मिळालं. हाच चर्च पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमीत चित्रकारांना रंगांचं रसायनशास्त्र शिकवत असे, आणि चर्चाइट हे खनिज त्याच्याच नावाने ओळखलं जातं. पक्षी, रंग आणि खनिज ही तिन्ही एका माणसाच्या टेबलावर होती! आता तुराकोशेजारी मॅलकाइट ठेवा. तेही तांब्याचंच, आणि कांगोतल्या कटांगा भागातलं मॅलकाइट जगभर प्रसिद्ध आहे. एकच तांबं पिसात लाल आणि दगडात हिरवं. रंग अजिबात जुळत नाहीत, तरी जोडी पक्की आहे.

काही जोड्या पक्षी स्वतःच जुळवतो. दाढीवालं गिधाड लोहयुक्त लाल मातीत लोळून आपली पांढरी छाती तांबूस करून घेतं. बंदिवासात अशी माती मिळाली नाही तर ते पांढरंच राहतं. म्हणजे हा पक्षी गेरू फासून घेतो! शिवाय त्याचं मुख्य खाणं हाडं, आणि हाडांचा कणखरपणा ॲपेटाइट गटातल्या खनिजामुळे येतो. त्याच्याबरोबर हेमॅटाइट, म्हणजे गेरूला लाल करणारं लोहाचं खनिज, रंगवायला आणखी कुठल्या कारणाची गरज नाही.

कधी जागा कारण देते. टांझानियातल्या नेट्रॉन सरोवरात छोटे फ्लेमिंगो वीण करतात, आणि त्याच सरोवरात ट्रोना या सोड्याच्या खनिजाचे थर साचतात. फ्लेमिंगोचा गुलाबी अन्नातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमधून येतो, ट्रोना पांढरट. पण एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही. कधी लोकांनीच जोडी जुळवून ठेवलेली असते. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचा राज्यपक्षी माउंटन ब्लूबर्ड आहे आणि राज्याचं उपरत्न पेरोज. दोघांचा निळा इतका जवळचा आहे, की तिथल्या नवख्या चित्रकाराने सुरुवात इथूनच करावी.

आणि काही सुचलंच नाही तर अंड्यापाशी या. कुठल्याही पक्ष्याच्या अंड्याचं कवच मुख्यतः कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचं असतं. कॅल्साइटचा तिरपा, समांतरभुज स्फटिक आणि त्याच खनिजाचं गोल, ठिपकेदार अंडं ही जोडी कोणत्याही पक्ष्यासाठी खरीच आहे. फक्त त्यासाठी घरट्यापाशी जाऊ नका. संग्रहालयातली अंडी पुरेशी आहेत.

या विचाराची मुळं बरीच जुनी आहेत. जर्मन खनिजशास्त्रज्ञ वेर्नर याने खनिजं ओळखण्यासाठी रंगांना ठरावीक नावं दिली होती. एडिनबरोचा फुलांचा चित्रकार पॅट्रिक साइम याने १८१४ मध्ये त्यावरून रंगांची एक पुस्तिका केली. प्रत्येक रंगाचा नमुना, आणि पुढे तो रंग प्राण्यात, वनस्पतीत आणि खनिजात कुठे सापडतो ते. प्रशियन निळ्यासमोर लिहिलंय: मॅलार्ड बदकाच्या नराच्या पंखावरचा ठिपका, ॲनिमोन फुलाचे केसर, निळं ताम्रखनिज. चार्ल्स डार्विन बीगल जहाजावरून निघाला तेव्हा ही पुस्तिका त्याच्या सामानात होती. तुमच्या वहीत असंच एक पान करा. डावीकडे पक्ष्याच्या अंगावरची एकेक जागा: डोकं, गाल, पाठ, पोट, चोच, पाय. उजवीकडे त्या रंगाजवळ जाणारं खनिज. दहा पक्ष्यांची पानं भरली की त्यातली एखादी ओळ तुम्हाला सोडणार नाही, आणि तीच तुमची जोडी.

यापुढच्या पायऱ्या मी एकाच जोडीवरून सांगते, म्हणजे हवेत बोलणं नको: छोटा खंड्या आणि लिमोनाइट या लोहाच्या गंजासारख्या खनिजावर वाढलेला अझुराइट. युरोपपासून आशियापर्यंत आढळणारा हा पक्षी चिमणीपेक्षा थोडाच मोठा, साधारण १६ सेंटिमीटर, त्यातले सुमारे ४ सेंटिमीटर चोचीचेच. पाठ निळी, पोट नारिंगी. अझुराइटही पुष्कळदा तांबूस-पिवळ्या, गंजलेल्या लिमोनाइटवर वाढतो. म्हणजे निळा आणि नारिंगी दोन्ही एकाच तुकड्यात. पण माझं खरं कारण वेगळं आहे. खंड्याची पाठ प्रकाशाचा कोन बदलला की निळ्याची हिरवट होते. अझुराइटचंही काळाच्या ओघात हिरवं मॅलकाइट होतं. पक्ष्याला त्यासाठी मान वळवावी लागते, दगडाला युगं लागतात.

दुसरी पायरी: सामान

यावर फार वेळ घालवू नका. नवख्यांनी जलरंगात सुरुवात करावी असं मला वाटतं, कारण पारदर्शक थर स्फटिकांना शोभतात आणि कोरडा ब्रश पिसांना. ३०० जीएसएमचा जाड, गुळगुळीत, हॉट प्रेस कागद. खरबरीत कागदावर पिसांच्या कडा फुटतात. गोल ब्रश दोन, एक मोठा आणि एक बारीक टोकाचा, शिवाय एक चपटा, स्फटिकांच्या पृष्ठांसाठी. पांढरा गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, थोडा. मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागद कोरा राखणारा आणि नंतर सोलून काढायचा द्रव, जुन्या ब्रशने लावा. चांगला ब्रश त्यात एकदाच बुडतो आणि कायमचा जातो.

रंग घेताना ट्यूबवरचं नाव वाचू नका, रंगद्रव्याचा क्रमांक वाचा (पीबी म्हणजे पिगमेंट ब्लू, असे). ‘निळा’ या एका नावाखाली दहा वेगळी द्रव्यं विकली जातात. या चित्रासाठी पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी ६० म्हणजे खोल निळा इंडँथ्रोन, पीबी १५ म्हणजे थॅलो निळा, पीजी ५० म्हणजे कोबाल्टचा हिरवट निळा, पीआर १०१ म्हणजे लोहाचा तांबडा आणि पीवाय १५० हा पारदर्शक पिवळा एवढे पुरतात. उजेडात न विटणारे रंगच घ्या. पीआर ८३ हा ॲलिझरीन दिसायला मोहक असला तरी विटतो. त्याऐवजी पीव्ही १९ घ्या.

तिसरी पायरी: पाहणं आणि फोटो

पक्ष्याचे फोटो शक्यतो स्वतःचे हवेत. दुसऱ्याचा फोटो वापरायचा तर परवानगी घ्या, आणि तरीही एकाच फोटोवरून चित्र उतरवू नका. बैठक एका फोटोतून, पंख दुसऱ्यातून, डोळा तिसऱ्यातून असं करा. घरट्याजवळचे फोटो काढू नका. पिसं गोळा करण्याआधी तुमच्या देशाचा कायदा पाहा. अनेक देशांत रानपक्ष्याचं गळून पडलेलं पीस बाळगणंही गुन्हा ठरतो. अमेरिकेत १९१८ पासूनचा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा हेच सांगतो. संग्रहालयात मांडलेले नमुने रेखाटायला कुणाची हरकत नसते, आणि पंखाची घडी तिथेच नीट समजते.

खनिज मात्र समोर ठेवूनच रंगवा. खनिजाच्या फोटोत एकच प्रकाश आणि एकच कोन गोठलेला असतो. हातातला तुकडा थोडा फिरवला की एखादं पृष्ठ आरशासारखं पेटतं आणि तेव्हाच कळतं की हा स्फटिक नक्की कुठे वळतो. अझुराइट मऊ आहे, कठीणपणा साडेतीन ते चार; चाकूने ओरखडा उठतो. कापडावर ठेवा, पाण्याने घासू नका. गंधकाचे स्फटिक तर हाताच्या उबेनेही तडकतात, ते हातात धरून रेखाटू नयेत. हिंगूळ (लाल), हरताळ (पिवळी), मनशीळ (तांबडी) या खनिजांना हात लावल्यास हात धुवा. यांत पारा आणि आर्सेनिक आहे. मनशीळ तर उजेडात ठेवली की पिवळी भुकटी होत जाते, म्हणून तिला दिव्याखाली तासन्‌तास बसवू नका.

आता महत्त्वाचं. तुमच्या पक्ष्याच्या फोटोत प्रकाश डावीकडून वरून येत असेल, तर खनिजावरही टेबललॅम्प डावीकडून वरूनच पाडा. पहिल्या काही चित्रांत माझा पक्षी सकाळच्या उन्हात आणि दगड ट्यूबलाइटखाली असायचा. प्रत्येक वस्तू बरोबर असूनही दोघं एका जगात राहत नसत, आणि का ते मला फार उशिरा उमगलं.

चौथी पायरी: मांडणी

काडेपेटीएवढ्या चौकटीत पाच-सहा झटपट आराखडे करा. या प्रकारात मुख्य प्रश्न आकाराचा असतो. मांडण्याचे तीन मार्ग दिसतात. एक, जुन्या निसर्गचित्रांच्या पानांसारखी: पक्षी आणि खनिज दोघं मोकळ्या पांढऱ्या जागेत, आपापल्या खऱ्या आकारात. दोन, खनिज प्रचंड मोठं करून त्याचा डोंगर किंवा कडा करायचा आणि पक्षी त्यावर. तीन, खनिजाचे पट्टे किंवा स्फटिकांची नक्षी मागच्या जागेत पसरायची.

पहिल्या चित्रासाठी पहिला मार्ग घ्या. त्यात लपायला जागा नाही, म्हणून शिकायला भरपूर मिळतं. खंड्या आणि तळहाताएवढा अझुराइट खऱ्या आकारात एका कागदावर सहज मावतात.

दुसरा मार्ग सगळ्यांना खुणावतो आणि तिथेच सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात. टोकदार स्फटिकांवर पक्षी ठेवला तर पाय नक्की कुठे टेकतात? वजन कुठे जातं? पायाखाली सावली आहे का? हे न ठरवता रंगवलेला पक्षी स्टिकरसारखा चिकटवलेला वाटतो. तसं करायचंच असेल तर फांदीवर बसलेल्या पक्ष्याचे पाय दगडावर चालणार नाहीत. खडकावर बसलेल्या पक्ष्याचे फोटो शोधा.

मांडणी झाली की आराखडा फक्त करड्या छटांत रंगवून पाहा. अझुराइट खूप गडद असतो. तो खंड्याच्या मागे ठेवला तर पाठ उजळते. पोटाखाली ठेवला तर नारिंगी उजळतो. मी तो थोडा मागे आणि खाली ठेवते, म्हणजे चोचीमागे पांढरा कागद राहतो आणि चोचीची रेघ स्वच्छ कापलेली दिसते.

पाचवी पायरी: रेखाटन

पक्ष्याचं शरीर म्हणजे अंडं, डोकं म्हणजे लहान गोळा, हे सगळ्यांना माहीत असतं. नवखे चुकतात ते पायांत आणि पंखांत. पायाच्या मध्यावर मागे वळणारा जो सांधा दिसतो तो गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा पिसांच्या आत, पोटाशी असतो. बहुतेक झाडावर बसणाऱ्या पक्ष्यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे असते. पोपट-सुतारांची दोन पुढे, दोन मागे. खंड्याची पुढची बोटं काही अंतरापर्यंत जोडलेली असतात. बारीक गोष्ट आहे, पण पक्षी ओळखणाऱ्याचं लक्ष आधी तिथेच जातं. नर-मादीही ठरवून घ्या: नराची चोच काळी, मादीच्या चोचीचा खालचा भाग तांबडा. मादी घेतलीत तर तो तांबडा थेट लिमोनाइटशी जुळतो.

पिसं एकेक काढत बसू नका. घडी घातलेल्या पंखात आधी गट पाहा: खांद्यावरची, झाकणारी छोटी, मग दुय्यम, आणि सगळ्यात खाली प्राथमिक पिसांची टोकं. चार गट बरोबर आले की डोळा बाकीचं भरून घेतो.

स्फटिक रेखाटताना उलटी शिस्त लागते. पक्ष्यात कडा मऊ, इथे कडा सरळ आणि कोन पक्के. १६६९ मध्ये निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं, की क्वार्ट्झचा स्फटिक लहान असो वा मोठा, वेडावाकडा वाढलेला असो वा नीट, त्याच्या दोन ठरावीक पृष्ठांमधला कोन तोच राहतो. चित्रकाराला हे वरदानच आहे. क्वार्ट्झच्या शेजारच्या उभ्या पृष्ठांमधला कोन १२० अंश. तो डोळ्याने सांभाळला तर स्फटिक खरा वाटतो, चुकला तर काचेचा तुटका तुकडा. पृष्ठांवरच्या बारीक रेघाही पाहा. क्वार्ट्झवर त्या आडव्या असतात, टुर्मलीनवर उभ्या. पायराइटच्या घनावर शेजारशेजारच्या पृष्ठांवरच्या रेघा एकमेकींना काटकोनात धावतात. अशी एक खरी रेघ दहा अंदाजी चमकांपेक्षा जास्त काम करते.

सहावी पायरी: रंग

मी डोळ्यापासून सुरू करते. हे तंत्र नव्हे, सोबत आहे. डोळा झाला की पुढचे दिवस कुणीतरी आपल्याकडे पाहत असतं. डोळ्यातला चमकेचा ठिपका मास्किंग फ्लुइडने राखा आणि तो दिव्याच्या दिशेलाच ठेवा.

मग पक्षी सोडा आणि आधी दगड रंगवा. पांढऱ्या कागदावर खंड्याची पाठ रंगवली तर ती नेहमी जास्त गडद होते, कारण तुलनेला काहीच नसतं. शेजारी अझुराइटचा खोल निळा आला, की पाठ किती हलकी ठेवायची ते आपोआप कळतं.

अझुराइटचे जाड स्फटिक जवळजवळ काळे दिसतात. लखलखीत निळा फक्त पातळ कडांवर आणि प्रकाश आरपार जातो तिथे. पहिला थर पीबी २९ चा फिकट, सगळीकडे, चमकणारी पृष्ठं कोरी सोडून. सुकू द्या. पूर्ण सुकू द्या. घाईने माझे कितीतरी दगड चिखल झाले आहेत. दुसऱ्या थरात चपट्या ब्रशने एकेक पृष्ठ वेगळं करा, पीबी २९ मध्ये पीबी ६० मिसळून. तिसऱ्यात खाचा, पीबी ६० मध्ये थोडा पीआर १०१. निळ्यात मिसळलेला हा तांबडा काळ्यापेक्षा जिवंत गडद देतो, आणि तोच तांबडा लिमोनाइटमध्ये व पोटात असल्याने चित्र आतून बांधलं जातं. तयार काळा रंग या चित्रात मी उघडतच नाही.

लिमोनाइट मातकट, निस्तेज. पीआर १०१ आणि पीवाय १५० ओल्यात ओलं सोडा, वर कोरड्या ब्रशने थोडं खरबरीत करा. इथे फार कौशल्य दाखवू नका. त्याच्या मळकेपणामुळेच अझुराइट काचेसारखा वाटतो.

आता पाठ. खंड्याचा निळा रंगद्रव्याचा नाही, त्यामुळे तो सपाट लावला की लगेच खोटा दिसतो. तळाला पीजी ५० चा अगदी हलका थर. पाठीच्या मधोमध, जिथे प्रकाश थेट पडतो, तो तसाच सोडा. कडेला जाताना थॅलो निळा, आणि पंखांकडे अल्ट्रामरीन. तिन्ही निळ्यांमधल्या सीमा पुसू नका. रचनेतून येणारा रंग असाच झटक्यात बदलतो. पांढरा मिसळून उजळवण्याचा मोह टाळा. गुआशचा पांढरा डोक्यावरच्या बारीक ठिपक्यांना निळ्यात मिसळून, आणि मानेच्या पांढऱ्या डागाची एखादी कड सुधारायला, एवढाच.

पोटाचा नारिंगी मात्र रंगद्रव्याचा, म्हणून तो ऊबदार आणि सलग चालतो. पीवाय १५० वर पीआर १०१ चे पातळ थर. सावलीत तपकिरी न घालता पाठीतलाच निळा पाण्यासारखा पातळ करून फिरवा.

एक गोष्ट पारदर्शक खनिजं निवडणाऱ्यांसाठी. पक्षी अपारदर्शक: दिव्याकडची बाजू उजळ, पलीकडची गडद. क्वार्ट्झ, फ्लोराइट, कॅल्साइट यांत प्रकाश शिरतो आणि पलीकडच्या बाजूला साठतो. म्हणून दिव्याजवळचा भाग आतून गडद, त्यावर एक टोकदार चमक, आणि दूरचा भाग उजळ. टेबलावर पडलेल्या सावलीतही उजेडाचा एक तुकडा सांडलेला दिसतो. तो रंगवला की पाहणाऱ्याला न सांगता कळतं, हा दगड पारदर्शक आहे.

मोर, हमिंगबर्ड, शिंजीर यांसारखे चकाकणारे पक्षी पहिल्याच चित्रात घेऊ नका. हमिंगबर्डचा गळा एका कोनातून पेटलेला आणि दुसऱ्या कोनातून काळा दिसतो. तो रंगवायचा म्हणजे तीन चतुर्थांश गळा गडद ठेवायचं धैर्य लागतं. पण त्यांची जोडी मनात धरून ठेवा, कारण ती विलक्षण आहे. ओपलमधले रंग सिलिकाच्या सूक्ष्म गोळ्यांच्या रांगांमुळे दिसतात. १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट झालं. मोराच्या पिसातही मेलॅनिन या गडद द्रव्याच्या सूक्ष्म कांड्या अशाच शिस्तीत रचलेल्या असतात. एक दगड आणि एक पक्षी, दोघांनीही रंग नसताना रंग उभा केला आहे.

हे चित्र खनिजाच्याच रंगांनी रंगवायचं असेल तर

हा विचार प्रत्येकाच्या मनात येतोच, आणि तो चांगला आहे. एके काळी दुसरा मार्गच नव्हता. अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधल्या सार-ए-संगच्या खाणींतून आलेला लाजवर्द हा निळा दगड, हिंगूळ, हरताळ, मॅलकाइट या रंगांवर मुघल चित्रशाळा चालत होती, आणि जहांगीराच्या दरबारातला पक्ष्यांचा चितारी उस्ताद मन्सूर तिथलाच. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासत, आपला वाक्प्रचार तिथून आला. कृत्रिम अल्ट्रामरीन आला तो १८२८ च्या सुमारास, गिमे या फ्रेंच माणसामुळे. जपानमधल्या निहोंगा या पारंपरिक शैलीतले चित्रकार आजही कुटलेल्या खनिजांचे रंग प्राण्यांपासून काढलेल्या सरसात कालवून वापरतात; त्यांच्याकडे एकाच अझुराइटच्या कणांच्या जाडीनुसार गडद ते फिकट अशा क्रमवार छटा मिळतात.

तुम्ही मात्र घरी दगड कुटू नका. क्वार्ट्झची धूळ फुफ्फुसात कायमची बसते, तांब्याची खनिजं पोटात गेली तर विषारी, हिंगूळ-हरताळाबद्दल वर सांगितलंच आहे. तयार रंग घ्या: अझुराइटचा क्रमांक पीबी ३०, मॅलकाइटचा पीजी ३९. कोरडी भुकटी हाताळताना धुळीचा मास्क लावा, आणि ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असेल तर आजच सोडा. खरा अझुराइट ट्यूबमधल्या निळ्यांपेक्षा मवाळ असतो. खंड्याची पाठ त्याने कधीच होणार नाही. दगड दगडाच्या रंगाने आणि पाठ आधुनिक रंगाने रंगवली, तर कागदावरचे दोन निळे खरोखरच दोन जातींचे होतात. खऱ्या अझुराइटचे कण जाड असल्याने ब्रश हलका ठेवा आणि कागद आडवा, नाहीतर सगळा निळा एका कोपऱ्यात जमतो.

शेवटची पायरी: चित्रामागची चिठ्ठी

खनिजं जमवणारे लोक एका बाबतीत फार काटेकोर असतात: तुकडा कुठल्या खाणीतला, हे लिहिलेली चिठ्ठी हरवली तर त्या तुकड्याचं मोल उतरतं. पक्षी पाहणारेही नोंदीत जागा आणि तारीख लिहितातच. तुम्ही दोघांचं घ्या. चित्र सुकलं, दिवसाउजेडात सावलीत ठेवून त्याचा फोटो काढला, की मागे पेन्सिलीने लिहा: पक्ष्याचं नाव, नर की मादी, कुठे आणि कधी पाहिला. खनिजाचं नाव, ते कशावर वाढलं आहे, कुठून आलं. वापरलेल्या रंगद्रव्यांचे क्रमांक. आणि एका ओळीत जोडीचं कारण. ती ओळ लिहिता आली नाही, तर चित्र बाजूला ठेवा आणि रंगांच्या त्या वहीतलं पक्ष्याचं पान पुन्हा उघडा.